पुसायचं न्हाय, टिपायचं

हौसामावशीला काहीही विचारलं तरी उत्तर मिळायचं. तेच उत्तर दुसऱ्या दिवशी मिळेल याची मात्र खात्री नसायची. "मावशी, तुमचे मालक काय करतात?" असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा ते कारखान्यावर होते. दुसऱ्या दिवशी ते शेतात होते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आसत्यात घरी." चौथ्या दिवशी मी विचारायचंच सोडून दिलं. मी शाळेत गणित शिकवते. एका प्रश्नाची तीन उत्तरं आली की माझं डोकं दुखायला लागतं.

हौसामावशी म्हणजे माझ्या बाळंतपणात मला आणि बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई. माझं सासर इंदापूर, माहेर बारामती, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच. इंदापूर रस्त्याला जिथं वस्ती विरळ होत जाते तिथं आमचं घर, घरामागं गोठा, गोठ्यात तात्यांच्या तीन जर्सी गाई. तात्या म्हणजे माझे वडील. मावशी काटेवाडीहून वडापच्या, माणसं कोंबून धावणाऱ्या जीपनं यायची. साडेसहाला फाटक वाजायचं आणि पाठोपाठ तिचा आवाज यायचा, "पाव्हणी उठली का?"

पाव्हणी म्हणजे माझी मुलगी. मावशीच्या लेखी सगळी तान्ही बाळं पाहुणीच. "आपल्या घरी आलं हाय, आपलं समजून न्हाय चालायचं. पाव्हण्याला इचारून हात लावावा," असं तिचं म्हणणं. आणि खरोखरच ती विचारायची. पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर घ्यायची आणि म्हणायची, "पाव्हणीबाई, पाणी घालू का?" बाळ ओठ हलवायचं. मग ती माझ्याकडं बघून सांगायची, "व्हय म्हणली."

त्याआधी तिची तयारी चालायची. हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडं सारून त्यांवर चिंधी गुंडाळायची, बाळाला ओरखडा नको म्हणून. नखं रोज बघायची, स्वतःची आणि माझीही. माझी वाढलेली दिसली तर तोंडानं काही बोलायची नाही, नेलकटर आणून माझ्या उशीवर ठेवायची. पाण्यात आधी कोपर बुडवायची. आई म्हणायची, "अगं, मी बघितलंय पाणी." तर मावशीचं उत्तर ठरलेलं, "तुमच्या कोपराला गार लागलं आसंल, वहिनी. माझं कोपर माझं."

अंघोळ झाली की बाळाला एका जुन्या पांढऱ्या सुती कापडात घ्यायची आणि नुसतं दाबून दाबून पाणी टिपायची. मांड्यांच्या वळ्या, कंबर, खालचं सगळं. एकदा मी टॉवेल घेऊन भराभर पुसायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं. "पुसायचं न्हाय, टिपायचं," ती म्हणाली. "पुसलं की कातडं म्हंतं, मला वराबाडलं. टिपलं की त्याला कळत बी न्हाय." त्यानंतर सूप घ्यायची, आपलं धान्य पाखडायचं सूप, आणि बाळाला पोटावर पालथं टाकून तिच्या ढुंगणाला हळूहळू वारा घालायची. पाच मिनिटं, सहा मिनिटं.  घरात कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या, गाई हंबरत असायच्या, आणि ही बाई देवाला चवरी ढाळावी तशी बसलेली असायची. मला हसू यायचं.

हळदीचं पीठ, मसुराचं पीठ, दूध, साय, सगळं बाळाच्या छातीला, पाठीला, हातापायांना. कमरेच्या खाली काही नाही. "तितं नुसतं पाणी," ती म्हणायची. का, ते विचारलं तर एक दिवस म्हणाली, "माझ्या सासूनं सांगितलं," आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी कुणाचं ऐकलंय व्हय कधी?"

लंगोटही तीच आणायची. पांढऱ्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या कापडाचे चौकोन, कडेला हातशिलाई. मी कितीही वेळा विचारलं तरी ते कापड कुठलं याचा पत्ता लागला नाही. कधी म्हणे बहिणीनं दिलंय, कधी म्हणे बाजारातनं आणलंय. असं कापड बाजारात मिळत नाही हे मला कळत होतं. बाहेर जाताना मी डायपरच घालायचे, घरात तिचे लंगोट.

तिच्या आणखी दोन गोष्टींचा मला उलगडा होत नसे. एक म्हणजे खाण्याची. तिला आम्ही भाकरी-भाजी देऊ केली की नको म्हणायची. मऊ भात असला, शिरा असला, मुगाची खिचडी असली, तर मात्र डबा पुढं करायची. "हितं न्हाय खात, घरी न्हेते." दातांना काही झालं असेल म्हणावं, तर बाई चहाबरोबर खारी बिस्किटं कडाकडा खायची. दुसरी गोष्ट म्हणजे नऊ. नऊ वाजले की ती उठायची. मधेच. शेक देत असली तरी, बोलत असली तरी. पदर सारखा करायची आणि निघायची. कारण विचारलं तर एक दिवस गॅसची टाकी येणार असायची, एक दिवस डेअरीत दूध घालायचं असायचं, एक दिवस बँकेत काम असायचं. एकदा तर रविवारी बँकेत काम होतं. आईला म्हटलं, "ही बाई सपशेल खोटं बोलते." आई दूध तापवत होती. म्हणाली, "चहा टाक साडेआठला. उशीर करू नको."

बाळ बारा-तेरा दिवसांचं असताना पहिल्यांदा लाली दिसली. त्या दिवशी आम्ही तिला डॉक्टरांकडं दाखवायला नेलं होतं, रांग मोठी होती, चार-साडेचार तास एकच डायपर राहिला. संध्याकाळी उघडलं तर जांघेत आणि मागं लालेलाल. बाळ लघवी केली की किंचाळायचं.  पहिलटकरीण मी, मला वाटलं हिचं कातडं आता निघूनच येणार.

दुसऱ्या दिवशी मावशीनं बघितलं. घाबरली नाही. "वारं लागलं की जाईल. डायपर बंद. ओलं झालं की लगेच बदला. चार-पाच दिसांत उतरलं न्हाय तर डाक्टर. माझं हात काय डाक्टर न्हाईत." एवढंच. काही लावायला सांगितलं नाही.

आता सांगा, लेकरू रडतंय आणि सांगणारी सांगतीय की वारा घाला. कुणाला पटेल? मला तर नाहीच पटलं. घरात प्रत्येकाला काही ना काही ठाऊक होतं आणि प्रत्येकाला ते दुसऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. इंदापूरहून सासूबाई आल्या, येताना पावडरचा मोठा डबा घेऊन आल्या. नवरा राहुल मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि मला पाठवायचा. एका व्हिडिओत तेल लावा म्हणत, दुसऱ्यात तेल अजिबात लावू नका म्हणत, आणि दोन्ही सांगणाऱ्या बायका पांढरे कोट घालून हसत असत. माझ्या मैत्रिणीनं वासाचे ओले वाइप्स सुचवले. मी सगळ्यांचं ऐकत होते आणि कुणाचंच धड करत नव्हते. लाली वाढत चालली होती.

मावशी रोज सकाळी बाळाला उघडायची, वाकून बघायची, वास घ्यायची आणि विचारायची, "काल कुणी काय लावलं?"

आम्ही सगळे एकमेकांकडं बघायचो. "काही नाही."

"बरं," म्हणायची, आणि कोमट पाणी घालून घालून धुवायची. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

लाली दिसल्याच्या सहाव्या दिवशी बाळाच्या मांडीवर बारीक पुरळ उठलं. मी रात्रभर जागलेली, अंगावरचं दूध कमी झाल्यासारखं वाटायला लागलेलं, आणि सासूबाई सकाळी सकाळी म्हणाल्या, "त्या बाईच्या पिठांनीच झालंय हे. खरखरीत पीठ नाजूक जागेला लागलं की असंच व्हायचं." मला कुणीतरी सापडायलाच हवं होतं. मावशी फाटकातून आत आली, "पाव्हणी उठली का?" म्हणाली, आणि मी पलंगावरूनच तिला बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पिठांमुळं झालंय म्हणाले. रोज वेगळं सांगणाऱ्या बाईवर विश्वास कसा ठेवायचा म्हणाले. तुमचं लक्ष घड्याळाकडं असतं, माझ्या मुलीकडं नसतं, असंही म्हणाले. ते वाक्य मला आजही टोचतं.

मावशीनं बांगड्यांवर बांधायला घेतलेली चिंधी परत कनवटीला लावली. "माझ्या हातानं झालं आसंल तर मी येत न्हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पिशवीतून लंगोटांची घडी काढून बाळाच्या पायाशी ठेवली आणि निघाली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ती मावशीबरोबर फाटकापर्यंत गेली.

तीन दिवस मावशी आली नाही, आणि बाळाचं पार बिघडलं. कातडी चकाकायला लागली, एका ठिकाणी सोललं. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, मग नाक जवळ नेलं.

"हा कापरासारखा वास कशाचा? काय लावताय तुम्ही हिला?"

"काही नाही," मी सवयीनं म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. एक मलम लिहून दिलं, ते कसं लावायचं ते सांगितलं. "दुसरं काहीही नको. आणि घरी जाऊन घरातल्या प्रत्येकानं काय काय लावलंय त्याची यादी करून मला फोनवर सांगा. प्रत्येकानं."

घरी आल्यावर आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं, पेन माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. "मी सांगते पहिलं," आई म्हणाली. "मी रोज दुपारी खोबरेल लावत होते. मनीषा, तू झोपलीस की."

मी लिहिलं. मग माझं लिहिलं, वाइप्स, दर बदलीला दोन. सासूबाई म्हणाल्या, "पावडर. आता त्यात काय लपवायचंय." आणि थोड्या वेळानं, "तूपपण. एकदाच." राहुल शनिवार-रविवार यायचा, तो म्हणाला, "कुंडीतली कोरफड कापून लावली होती मी. व्हिडिओत गर नुसता चोळायला सांगितला होता." म्हणजे तेलावर पावडर, पावडरीवर तूप, तुपावर कोरफड, आणि सगळं पुसायला वासाचा वाइप. मी लिहीत होते आणि माझे कान तापत होते. ज्या त्या माणसानं गुपचूप, प्रेमानं, आपापलं लावलं होतं.

कापूर मात्र कुणाकडंच निघेना.

तात्या खांबाला टेकून उभे होते. ते जमिनीकडं बघत होते. आई म्हणाली, "तुमचं?"

"मी काय लावतोय," तात्या म्हणाले.

"अहो."

तात्यांनी घसा खाकरला. "ते गोठ्यातलं. गाईच्या सडाला चिरा पडल्यावर लावायचं मलम. दोन टायमाला लावत होतो, तुमी स्वयंपाकात आसताना. अगं, तांबडीच्या सडाला रक्त निघत होतं, दोन दिसांत कातडं लोण्यावाणी झालं. म्हटलं एवढ्या मोठ्या जनावराला गुण येतो, तर ही तर एवढीशी."

सगळ्यांत आधी सासूबाई हसल्या. मग राहुल. मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. तात्यांचा चेहरा इतका पडला की आईनंच त्यांना पाणी आणून दिलं. पुढं किती तरी दिवस ते गोठ्यातून आले की बाळाजवळ न येता दारातूनच बघायचे.

यादी पूर्ण झाल्यावर मी ती वाचून काढली. मग आईनं विचारलं, "आणि हौसानं काय लावलं?"

 मी आठवून आठवून पाहिलं. पीठ तर तिनं कमरेखाली कधी लावलंच नव्हतं. ते माझ्या समोरच तर घडत होतं रोज. पाणी. टिपणं. सूप. आमच्यात एकटी तीच अशी होती की जिनं काहीही लावलं नव्हतं, आणि मी तिलाच हाकललं होतं. मला इतकी लाज वाटली की तो कागद मी घडी करून उशीखाली घातला.

"तिला निरोप पाठव," मी आईला म्हणाले.

"तू बोललीस, तू जा."

"मी? सव्वा महिना झाला नाही अजून." आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही, दवाखाना सोडून. याच आईनं मला अंगणात ऊन खायलासुद्धा कान बांधून बसवलं होतं.

"कान बांध आणि जा. तात्या गाडी काढतील. बाळाला मी बघते. उद्या सकाळी पाजून घे आणि सव्वानऊच्या सुमाराला तितं पोच."

सव्वानऊच का, ते मी विचारलं नाही. माझा नेहमीसारखाच गोंधळ उडालेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये बसले, डोक्याला स्कार्फ, त्यावर शाल, पायात मोजे. तात्यांनी सगळ्या काचा बंद केल्या. रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या आल्या, त्यांच्या मागनं आम्ही रांगत काटेवाडीला पोचलो. कालव्याच्या पलीकडं तिचं पत्र्याचं घर. तात्या गाडीतच बसले. म्हणाले, "मी न्हाय येत. माझ्यामुळं झालं सगळं."

अंगणात दोरीवर पांढरी कापडं वाळत होती. आमच्याकडच्या लंगोटांसारखीच, तशीच हातशिलाईची, पण एकेक कापड चादरीच्या निम्मं तरी असेल. मी ती बाजूला सारून दाराशी गेले. आतून मावशीचा आवाज आला.

"पाव्हणं, वळवू का? वळा जरा. हां. पुसत न्हाय, टिपतीय. वारं लागू द्या आता."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं बाळ इथं आणलंय. मी आत डोकावले. लोखंडी कॉटवर एक मोठा माणूस कुशीवर झोपलेला होता. पांढरी दाढी, बारीक झालेले पाय एकमेकांवर ठेवलेले. पाठ माझ्याकडं, उघडी. मावशी त्याच्या कमरेखाली कापड दाबून दाबून पाणी टिपत होती. शेजारी कोमट पाण्याची बादली, परातीत आदल्या दिवशीची ओली कापडं, भिंतीला टेकवलेलं सूप, आणि खुंटीवर त्याचं तसलंच मऊ पांढरं धोतर. तिच्या बांगड्यांवर चिंधी बांधलेली होती.

तिनं मान वर केली आणि मला पाहिलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी भीती पाहिली नव्हती. तिनं झटकन त्या माणसावर चादर ओढली आणि हात मागं घेतले, पाठीमागं, चोरी पकडल्यासारखे.

"वहिनींना सांगू नगं," ती म्हणाली. मला बस म्हणाली नाही, काय आलीस म्हणाली नाही. "मनीषा, तुझ्या पाया पडते. कुणालाच सांगू नगं. मालक उसाच्या ट्रॉलीवरनं पडलं, पाच वरीस झालं. कमरंखाली कायबी न्हाय. लोकांस्नी कळलं तर म्हंत्यात, माणसाची घाण काढणाऱ्या हातानं आमचं लेकरू न्हाऊ घालणार व्हय. एका घरनं तसं झालंय. दारातनं परत लावलं मला. तवापास्नं मी कुणाला सांगत न्हाय."

खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं. क्षणभर का होईना, आलं. हेच हात. आणि बाहेर दोरीवर याच माणसाच्या धोतरांचे चौकोन, आणि माझ्या मुलीच्या कमरेला तेच कापड. माझ्या अंगावर शहारा आला आणि तो तिला दिसला असणार, कारण तिनं मान खाली घातली.

तेवढ्यात कॉटवरून तो माणूस म्हणाला, "कोण आलंय गं? वारा थांबला."

मावशीनं सूप उचललं आणि माझ्याकडं न बघता वारा घालायला लागली. चादर सरकली. त्याची पाठ दिसली. पाच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ कशी असते ते मला माहीत आहे. माझ्या आजोबांची चारच महिन्यांत जखमांनी भरली होती, वासानं खोलीत जाववत नव्हतं. या माणसाच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. खोलीत कसला म्हणजे कसला वास नव्हता.

मी उंबऱ्यावरच बसले. टाके दुखत होते. काय बोलायचं ते घरून जुळवून आले होते, त्यातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. आमच्या घरात लावणारे पाच जण आहेत. न लावणारं कुणी नाही. उद्या या."

"ह्या हातानं?" तिनं विचारलं.

"याच."

तिनं सूप भिंतीला टेकवलं, चादर नीट केली. मग म्हणाली, "साडेसहाला येते. नऊला जाईन."

दुसऱ्या दिवशी आली. फाटकातूनच "पाव्हणी उठली का?" म्हणाली, जणू मधले दिवस झालेच नव्हते. डॉक्टरीणबाईंचं मलम मी दाखवलं. तिनं ते बोटावर घेऊन बघितलं आणि म्हणाली, "लाव की. कोरडं झाल्यावर लाव, चोळू नगं, नुसतं बसव." पुढं दर दोन तासांनी लंगोट बघायचा, कोमट पाणी, टिपणं, वारा, आणि मलम. इतर कुणीही बाळाला काही लावायचं नाही, असं आईनं कॅलेंडरच्या त्याच पानाच्या खाली मोठ्या अक्षरात लिहून ते पाळण्यावर चिकटवलं. चौथ्या दिवशी लाली फिकी पडली, आठवड्यात कातडी आली.

गुण मलमाचा, वाऱ्याचा, की आमचे हात बांधले गेले त्याचा, हे मला आजही सांगता येत नाही. मावशीला विचारलं तर म्हणाली, "मलमाचा." दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "पाव्हणीचा."

मी कुणाला काही सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. फक्त त्यानंतर मऊ भात मीच लावायला लागले, आणि डबा मोठा भरायला लागले. सव्वा महिना झाला, मी इंदापूरला आले, शाळा सुरू झाली. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, आता पहिलीत आहे.

या वर्षी माझ्या भावाला मुलगा झाला. भावजयीनं माहेराहून विसाव्या दिवशीच बाळाला घेऊन यायचं ठरवलं, तेव्हा मी बारामतीला निघाले होते. स्टँडवर उतरले तर बाकावर हौसामावशी बसलेली दिसली. पार वाळली होती. मांडीवर कापडी पिशवी. मी धावत जाऊन तिच्याजवळ बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. अकरा वाजत आले होते. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "मावशी, नऊ कधीच वाजून गेले की."

"गेलं," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी गेलं ते. आता नऊ वाजत्यात आन् वाजून जात्यात."

 तिनं मग पिशवीतून एक गाठोडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. सगळे छोटे चौकोन, नव्यानं शिवलेले. "तात्यांना नातू झाला म्हणून कळलं. तुमच्याकडंच निघाले हुते, पण पाय उचलंना. शेवटची दोन धोतरं ऱ्हायली हुती. चार पाण्यातनं काढल्यात, उन्हात वाळवल्यात. वहिनींना चालतंय का ते तू बघ. सांगायचं तर सांग, न्हायतर न्हाय. तूच ठरव."

रिक्षात बसून मी ठरवत राहिले. सांगावं तर आईला काय वाटेल, मेलेल्या माणसाची धोतरं, तान्ह्या नातवाला. न सांगावं तर ती फसवणूक. घरी पोचेपर्यंत काहीच ठरलं नव्हतं. आईनं माझ्या हातातून गाठोडं घेतलं, सोडलं, एक लंगोट गालाला लावून पाहिला.

"हौसाच्या मालकांच्या धोतराचं दिसतंय," ती म्हणाली. "शेवटपर्यंत तेच नेसायचे. मऊ असतं ते कापड."

मी तिच्याकडं बघतच राहिले. "तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? काटेवाडी काय विलायतेत हाय?" आई घड्या घालत होती. "ज्या बाईनं पाच वरीस माणूस अंथरुणात ठेवून त्याच्या पाठीला जखम होऊ दिली न्हाय, तिच्याकडं म्हणूनच तर निरोप धाडला होता मी. आणि सव्वा महिना झाला नसताना तुला गाडीत घालून सव्वानऊला तितं धाडली, ती काय गंमत म्हणून व्हय?"

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मग मी कशी सांगणार?"

म्हणजे आम्ही तिघी एकमेकींपासून तेच लपवत होतो. सहा वर्षं.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः व्हॅन घेऊन मावशीला आणायला गेले. हातात आता बांगड्या नव्हत्या, तरी तिनं सवयीनं मनगटाला चिंधी बांधली, कोपर पाण्यात बुडवलं, भाच्याला पायांवर घेऊन म्हणाली, "पाव्हणं, पाणी घालू का?"  आईनं साडेआठला चहा टाकला. मावशी बाळाला पालथं टाकून सुपानं वारा घालत बसली होती, आम्ही तिच्याभोवती चहा पीत होतो, बोलणं चाललं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले. मावशीनं सूप खाली ठेवलं. उठली, पदर सारखा केला, पिशवी उचलली, दारापर्यंत गेली. तिथं थांबली.  तिनं पिशवी खुंटीला अडकवली, परत येऊन पाटावर बसली आणि सूप हातात घेतलं.